बरगडीवरचा हात

"हातात बॉल असला, की मी कुणाच्या बापाला भीत नाही," असं ईश्वर गजभिये एकदा म्हणाला होता.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमागच्या पार्किंग लॉटमध्ये म्हणाला होता, शेजारच्या धम्मदीपच्या बारा वर्षांच्या मुलीला. उपासना बेसबॉल खेळायची, मुलांच्या टीममध्ये एकटी मुलगी, आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. ईश्वरकाका रोज संध्याकाळी तिच्यासमोर ग्लव्ह घालून उकिडवा बसायचा आणि नागपूरची तीच गोष्ट सांगायचा. कॉलेजच्या मॅचमध्ये एक बॅट्समन क्रीजवर उभा राहून त्याच्या वस्तीवरून आणि जातीवरून बोलत होता. ईश्वरने पुढचा बॉल असा आपटला, की तो उसळून थेट त्याच्या तोंडात गेला. दोन दात पिचवर पडले. ती मॅच कुणी जिंकली, हे तो कधी सांगत नसे. दातांपाशी गोष्ट संपायची.

ईश्वरने लग्न केलं नाही. दिवसभर क्युबिकलमध्ये बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि मीटिंगमध्ये मान हलवायची, अशी अकरा वर्षं गेली होती. त्या मान हलवण्याचा सगळा राग त्याने उपासनाच्या खांद्यात भरला. दोघांत एक खूण ठरली होती. समोरचा फारच माजला, तर काका बरगडीवर हात ठेवणार, आणि तिने पुढचा बॉल समोरच्याच्या बरगडीवरच टाकायचा.

"त्याला लागेल ना, काका," ती म्हणाली होती.

"लागत नाही. वाकतात बरोबर. तू घाबरून राहिली का?"

मग ती घाबरली नाही.

दोन हजार सहाच्या जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियात टूर्नामेंट होती. धम्मदीपच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर कूलरला टेकून काका तीन तास बडबडत गेला. शनिवारी दोन मॅच जिंकल्या. त्याने टीमची टोपी घेतली, ओरडून घसा बसवून घेतला, अनोळखी गोऱ्या बायांना चिवडा वाटला. मोटेलमध्ये झोपताना त्याला वाटलं, इतका सुखाचा दिवस आपल्याला या देशात आला नव्हता.

रविवारी सेमीफायनल. समोरच्या टीमचा एक दांडगा मुलगा होता. त्याने उपासनाचे दोन बॉल कुंपणापार मारले. मुलाचा बाप ईश्वरच्या पुढच्याच बाकावर होता. रुंद मान, उन्हाने लाल झालेली. तो प्रत्येक बॉलला उपासनाला काहीतरी ओरडत होता. घरी जा म्हणत होता. मग कुठल्या घरी, तेही म्हणाला. आजूबाजूचे चारजण हसले. ईश्वर त्या मानेकडे बघत राहिला. शिरा मोजता येतील इतक्या जवळ होती ती.

तो मुलगा तिसऱ्यांदा बॅट घेऊन आला. उपासनाने बाकांकडे पाहिलं. ईश्वरने डावीकडच्या बरगडीवर उजवा हात ठेवला.

बॉल तिच्या हातून सुटला आणि त्याच क्षणी त्याला चूक दिसली. इथे बॉल क्रिकेटसारखा टप्पा घेत नाही. बावीस यार्डही नाहीत, जेमतेम पंधरा. मुलगा वाकला, काकाने सांगितलं होतं तसाच बरोबर वाकला, आणि बरगडीच्या जागी त्याचं तोंड आलं. हेल्मेटच्या खाली. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. मुलगा गुडघ्यांवर बसला, तोंडाशी ओंजळ धरून. ओंजळ भरली आणि सांडायला लागली.

बाप जाळी चढून आत उतरला. तो मुलाकडे गेला नाही, पिचरकडे धावला. धम्मदीप त्याच्याआधी पोचला आणि मुलीच्या पुढे हात पसरून उभा राहिला. पहिल्या बुक्क्यात त्याचा चष्मा फुटला. दुसऱ्यात भुवई. तो खाली पडला, तरी त्याने त्या माणसाचा पाय सोडला नाही. मोकळ्या पायाच्या लाथा त्याच्या पाठीत बसत होत्या. कोच, अंपायर, दोन्हीकडचे बाप एकमेकांवर कोसळले. उपासना किंचाळत नव्हती. ती बाकांकडे बघत होती.

ईश्वर बाकावर बसून होता. हात अजून बरगडीवरच होता.

अँब्युलन्स मुलाला घेऊन गेली, पोलीस बापाला. मग टूर्नामेंटच्या डायरेक्टरने, एका काटकुळ्या म्हाताऱ्याने, धम्मदीप, उपासना आणि ईश्वर, तिघांना ऑफिसच्या खोलीत बोलावलं. ईश्वरला कुटुंबातलाच समजून त्यालाही खुर्ची दिली. टेबलावर तो बॉल होता, शिवणीत रक्त सुकलेला. म्हातारा हळू बोलत होता. बॉल हातातून निसटला असेल तर खेळात असं होतं. मुद्दाम टाकला असेल तर उपासना या लीगमध्ये पुन्हा खेळणार नाही. आणि कुणा मोठ्या माणसाने सांगून टाकला असेल, तर दोष तिचा नाही, पण त्या माणसाने आत्ता तसं सांगावं.

भुवईवर टॉवेल दाबून धम्मदीप म्हणाला, की आपली मुलगी असं करणारच नाही, आणि तिला असं शिकवणारं तिच्या आयुष्यात कुणी नाही.

उपासना ईश्वरकडे वळली. घरी ती इंग्रजीतच बोलायची. आता ती मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही सांगता, का मी सांगू?"

धम्मदीपने टॉवेल खाली घेतला. त्याच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, दुसऱ्याने तो ईश्वरकडे बघत होता.

ईश्वरला नागपूरचं ते मैदान दिसलं. दोन दात, आणि दातांनंतरचं, जे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बॅट्समनची माणसं स्टंप उपटून धावत आली होती. तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला होता. वस्तीतली दहा पोरं मैदानावर राहिली आणि त्या स्टंपांनी बडवली गेली. एकाचा हात पुन्हा सरळ झाला नाही.

त्याने टीमची टोपी काढून टेबलावर बॉलशेजारी ठेवली. तोंड उघडलं. उपासना त्याच्या ओठांकडे बघत होती, पार्किंग लॉटमध्ये गोष्ट ऐकताना बघायची तशीच.

मग तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि दार उघडून काही न बोलता बाहेर गेला.