नबीलालने निवडलेला टर्बो

पौडच्या एस.टी. स्टँडमागे पत्र्याची एक शेड होती. तिथं नबीलाल मुलाणी पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्यांची इंजिनं आणि गावोगावी प्रवासी नेणाऱ्या वडापच्या जीपा दुरुस्त करायचा. सगळा बाजार त्याला पंपवाला म्हणायचा, आणि त्यालाही त्यात कमीपणा वाटत नव्हता. पण शेड टाकण्याआधी अकरा वर्षं तो एका धरणाच्या कामावर परदेशी डोझर सांभाळत होता, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या डोझरना टर्बो असायचे. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक पातं फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं पातं बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं, आणि तेवढ्याच इंजिनाची ताकद दीडपट होते. असे टर्बो नबीलालने पन्नासेक वेळा तरी उघडून बसवले असतील. धरण पुरं झालं, डोझर गेले, आणि ती विद्या त्याच्या हातात नुसती पडून राहिली.

पंचाऐंशी सालच्या दिवाळीनंतर पिरंगुटजवळच्या चांदे गावचा वाल्मीक मांडेकर आपली फियाट घेऊन शेडसमोर येऊन थांबला. घरची शेती मोठी, वय तिशीच्या आत, आणि गाडी पळवण्याचा नाद जबर. पिरंगुटच्या घाटात दर वर्षी माघात मोटारवाल्यांचा एक क्लब शर्यत घ्यायचा. रविवारी सकाळी तीन तास रस्ता बंद ठेवून एकेक गाडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत सोडायचे आणि घड्याळ लावायचे. वाल्मीक दोन वर्षं दुसरा आला होता. दोन्ही वेळा त्याच्या पुढं पुण्याच्या कँपातल्या एका नावाजलेल्या गॅरेजवाल्याची फियाट होती.

"चाचा, त्यांनी औंदा टर्बो बसवलाय," वाल्मीक म्हणाला. "मुंबईस्नं किट आणलंय. आमाला बी तेच पायजे. पुण्यात दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत न्हाई. तुमी धरणावर व्हता म्हणं."

त्याने खिशातून एक रंगीत कागद काढला. कागदावर तीन किटांची चित्रं होती, एक लहान, एक मधलं, एक मोठं. मोठ्याभोवती पेनाने गोल केलेला होता.

नबीलालने कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यो मोठाच का?"

"त्यांनी मोठाच घेतलाय. जेवढा मोठा तेवढा जोर."

"जोर कवा पायजे तुमाला?"

वाल्मीकला प्रश्न कळला नाही. जोर तो जोर, त्याला कवा काय असतं? कागद परत घेऊन तो जरा घुश्श्यातच निघून गेला. रात्री जेवताना नबीलालने बायकोला, सुलतानाला, हे सांगितलं. ती म्हणाली, "तोंडानं सांगून कळणार न्हाई त्याला. गाडीत बसून दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नबीलाल पिरंगुटच्या बसने निघाला, तिथून चालत चांद्याला गेला आणि वाल्मीकच्या अंगणात उभा राहिला. "चला, घाटात जाऊन येऊ. शर्यतीत हाणता तशी हाणायची."

सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी चार फेऱ्या मारल्या. वाल्मीकने डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बसवून घेतला होता. नबीलाल एका हाताने दाराची कडी धरून त्या काट्याकडे बघत होता आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडे मांडत होता. वळणातून बाहेर पडताना अडीच हजार, पुढच्या वळणाला ब्रेक लावताना चार हजार, फार तर सव्वाचार. चारही फेऱ्यांत आकडे तेच आले.

माथ्यावर गाडी उभी करून त्याने पुठ्ठा वाल्मीकच्या मांडीवर ठेवला.

"हे बगा. मोठ्या टर्बोचं पातं जड. त्याला फिरवायला धूर लई लागतो. तुमच्या एवढ्याश्या इंजिनावर त्यो चार हजाराशिवाय जागा व्हायचा न्हाई. आन् चार हजाराला तर तुमी ब्रेकवर पाय देताय."

वाल्मीकने पुठ्ठ्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"सरळ सडक असती तर मोठाच घ्या म्हणलो असतो," नबीलाल म्हणाला. "हितं वळणं हायेत. लहानगा अडीच हजाराला जागा व्हतोय. वळणातनं बाहेर पडता पडता तुमाला ढकलील. वरचा जोर कमी मिळंल, पर वर जायाला तुमाला जागाच कुटं हाय?"

"लोक हसतील, चाचा."

"हसू द्या. घड्याळ हसत न्हाई."

आठवड्याभराने दोघं मुंबईला गेले. दुकानदार कमरुद्दीनशेठ मोठ्या किटचं खोकं काढू लागला, तेव्हा वाल्मीकच म्हणाला, "लहान दाखवा." नबीलालने टर्बो हातात घेतला, पात्याला बोटाने टिचकी मारली, मग दांडा चिमटीत धरून आत-बाहेर हलवून पाहिला. केसभर जास्त हालत होता. त्याने तो बाजूला ठेवला. "दुसरा द्या."

"नवा कोरा आहे हो," शेठ म्हणाला.

"नवा हाय, पर ढिला हाय."

तिसरा नग त्याच्या मनास आला. पातं फिरवल्यावर ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. शेठने मग खुर्ची मागवली आणि विचारलं, "कुठं शिकलात तुम्ही?"

बसवायला तीन आठवडे गेले. टर्बोला तेल पोचवायची नळी नबीलालने स्वतः वाकवली. पहिल्या चाचणीला चढावर इंजिन खडखडू लागलं, तशी त्याने तिथंच गाडी थांबवली. हवा वाढली की आतला दाबही वाढतो, आणि आपल्याकडचं पेट्रोल तो दाब सोसत नाही. तो पुण्याला तांबट आळीत गेला, आतली जागा वाढून दाब उतरावा म्हणून इंजिनाच्या हेडखाली बसवायला तांब्याचं जाड गॅस्केट कापून आणलं, आणि जास्तीचा दाब सोडणारी झडप थोडी लवकर उघडेल अशी जुळवली. पुढच्या चाचणीला गाडी शिट्टी घालत चढ चढली, आणि माथ्यावर पोचताच वाल्मीकने ती वळवून पुन्हा पायथ्याला नेली.

शर्यतीच्या दिवशी नबीलाल माथ्यावर गेला नाही. सगळ्यांत अवघड वळणाच्या आतल्या बाजूला दगडावर बसून राहिला.

कँपातली गाडी आधी आली. वळणातून बाहेर पडली, चालवणाऱ्याने पाय दाबला, पण गाडी जणू विचार करत राहिली. मग पुढच्या वळणाच्या तोंडाशी एकदम सगळा जोर आला, मागची चाकं घसरली, आणि त्याला ब्रेक मारून गाडी सावरावी लागली. नबीलालच्या शेजारी उभे असलेले लोक त्या आवाजावर खूश झाले. नबीलाल मात्र मनात म्हणाला, गेली वेळ.

नंतर वाल्मीक आला. आवाज काही फार मोठा नव्हता. एक बारीक शिट्टी वळणाच्या आतच सुरू झाली, आणि गाडी बाहेर पडली ती थेट पुढं झेपावत. कुठं थांबणं नाही, कुठं झटका नाही. पुढच्या वळणाला ती दिसेनाशी झाली, तरी शिट्टी ऐकू येत होती. नबीलाल उठला, धोतराची धूळ झटकली आणि माथ्याकडे चालू लागला. लाऊडस्पीकरवर काय सांगणार आहेत, ते त्याला आधीच कळलं होतं.

साडेचार सेकंदांनी वाल्मीक पहिला आला होता. नबीलाल पोचला तेव्हा गाडीभोवती पन्नासेक माणसं होती आणि बॉनेट उघडं होतं. कँपातले गॅरेजवाले आत वाकून बघत होते. ते सरळ झाले.

"कुठलं किट आहे हे?"

"सगळ्यात लहान," वाल्मीक म्हणाला.

"कोणी सांगितलं लहान घ्यायला?"

वाल्मीक गर्दीतून वाट काढत गेला, नबीलालचा हात धरून त्याला गाडीपाशी घेऊन आला. "ह्यांनी. आमचे चाचा हायेत. पौडचे."

गॅरेजवाल्यांनी धोतर नेसलेल्या त्या माणसाकडे क्षणभर पाहिलं आणि हात पुढं केला. नबीलालचा हात तेलकट होता. त्याने तो पुसायला मागं घेतला, पण त्यांनी तसाच धरला.

दोन वर्षांत कोल्हापूर, नाशिक, सगळीकडून गाड्या पौडला येऊ लागल्या. नबीलाल प्रत्येकाला आधी तेच विचारायचा, जोर कवा पायजे. कुणाला लहान दिला, कुणाला मधला, आणि एका सरळ रस्त्यावर पळणाऱ्याला मोठाही दिला. सुलतानाने शेडला लागून आणखी एक शेड घालून घेतली.

एकदा कँपातले गॅरेजवाले स्वतःच आपली फियाट घेऊन आले, मोठा काढून लहान बसवायला. नबीलालने त्यांना बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि परत गावातल्या बहिरूच्या गिरणीच्या इंजिनापाशी गेला. बहिरू सकाळी आठलाच आला होता, त्याची पाळी आधी होती. कँपातली गाडी दुपारपर्यंत थांबली.