चौकशीची राहुटी

ओल्या, जाड कापडाचा कुबट वास आला की माझा खांदा अजून ठणकतो. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. तहसीलदार दौऱ्यावर गावकऱ्यांकडून वेठीनं ओझी वाहून घेतो हे खरं आहे काय, असा लेखी सवाल आमच्या भागातल्या सभासदानं हैदराबादच्या कायदेमंडळात टाकला होता. सरकारनं तो जवाबासाठी त्याच तहसीलदाराकडं धाडला, आणि स्वारी चौकशीला निघाली. पावसात भिजून जड झालेली त्याची राहुटी कंधारहून आमच्या गावापर्यंत मी आणि माझ्या चुलत्यानं फुकट वाहून आणली. ओझं उतरायच्या आतच घोड्यावरून विचारणा झाली, "यहाँ कोई बेगार लेता है क्या?" चुलता म्हणाला, "मग हे खांद्यावर काय हाय, सरकार?" तहसीलदार हसला. पेशकाराला त्यानं 'शिकायत नाही' असं लिहायला लावलं आणि आम्हाला तीच राहुटी घेऊन पुढच्या गावाला पिटाळलं. तिथंही त्याला हीच चौकशी करायची होती. परवा पेपरात एका आमदाराच्या लेखी प्रश्नाला मिळालेलं उत्तर वाचलं: 'चौकशी केली असता, हे खरे नसल्याचे आढळले.' संतापानं पेपर चुरगाळला. चौकशीला गेलेल्या साहेबाची राहुटी कुणाच्या खांद्यावर होती, ते आधी सांगा.