बायकोचा ब्लॉग मी रंगवायला दिला

माझ्या बायकोची सहा वर्षांची मेहनत मी एका दुपारी पुसून टाकली. शिडीवर उभा राहून, हातात पुट्टीची पट्टी घेऊन. आणि ज्याने पुसली त्याला वरून चहा पण पाजला!

मी रंगारी. घर मसोलीला. शिक्षण चौथीपर्यंत, ते पण दोन शाळांत मिळून. बायको निर्मला, ती शिकलेली. गंजाडच्या बाजूला एका पाड्यावर अंगणवाडीत काम करते आणि घरी आली की मोबाइलवर ब्लॉग लिहिते. ब्लॉग म्हणजे काय ते मला विचारू नका, मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. ती एक वहीच असते, पण मोबाइलमधली, आणि सगळ्या गावाने वाचायची. (लहानपणी मी बहिणीची वही वाचली तर तिने मला झाडूने मारलेलं. इथे लोक हिची वही वाचतात आणि वर अंगठा दाखवतात!)

तर एक दिवस तलासरीच्या एका वाचनालयातून तिला फोन आला. शनिवारी कार्यक्रम आहे, तुमचा ब्लॉग मोठ्या पडद्यावर दाखवू, तुम्ही त्यातलं वाचा. निर्मला दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ब्लॉग फार जुनाट दिसतो हो. पडद्यावर बरा नाही दिसणार. कोणाकडून तरी नीट करून घ्यायला हवा."

आता हे ती तांदळाला बोलली की मला, माहीत नाही. पण घरात रंगारी असताना बायकोची वस्तू जुनाट दिसते म्हणजे काय! मी ठरवलं, हिला सरप्राइज द्यायचं.

तलासरीला जयेशभाईंचं दुकान आहे. बोर्डावर लिहिलंय, 'झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, बॅनर, वेबसाइट'. त्यातला 'वेबसाइट' हा शब्द मागच्या वर्षी मीच रंगवला होता, त्यामुळे माझा त्यांच्यावर भारी विश्वास! पन्नाशीचा माणूस, अर्धं मराठी अर्धं गुजराती, आणि कशालाच नाही म्हणत नाही.

"जयेशभाई, ब्लॉगचं काम करता का?"

"बधू करतो भाई. एकदम फर्स्ट क्लास बनावी देऊ."

पैशाचं बोलणं झालंच नाही. सरळ अदलाबदल. त्यांनी माझ्या बायकोचा ब्लॉग रंगवायचा, मी त्यांचं दुकान रंगवायचं. पासवर्ड काय, तो मला माहीत होता. निर्मलाने तो रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरवर लिहून ठेवलाय, म्हणजे कोणाला सापडू नये!

मंगळवारी मी शिडी घेऊन हजर. मी बाहेर भिंतीला, ते आत कॉम्प्युटरला. मी आपलं धंद्याचं विचारलं, "किती स्क्वेअर फूट होईल?"

"काय?"

"ब्लॉग. किती मोठा आहे? म्हणजे किती हात मारावे लागतील?"

जयेशभाईंनी माझ्याकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि म्हणाले, "मोठा आहे." मग रंग दाखवला. मी म्हटलं, ट्यूबलाइटमध्ये शेड कळत नाही, उन्हात आणा. त्यांनी कॉम्प्युटर उचलायचं नाकारलं, पण रंग मोबाइलवर घेऊन रस्त्यावर आले. भर दुपारी आम्ही दोघं हायवेच्या कडेला मोबाइल आडवातिडवा करून बघतोय. उन्हात काहीच दिसेना. मी म्हटलं, "बघा, हा शेड उन्हात टिकत नाही." त्यांना पण पटलं! शेवटी गुलाबी ठरला. तो अंधारात पण दिसतो.

मग मी परत शिडीवर. अर्धी भिंत खरवडून झाली होती, अंगावर सगळा जुना चुना. तेवढ्यात आतून आवाज आला.

"भाई, आ जूना माल ठेवायचा के काढायचा?"

आता तुम्ही सांगा. तीस वर्षं भिंती रंगवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारतात का? जुन्यावर नवीन चढवलं की पहिल्याच पावसात पोपडे येतात. मी शिडीवरूनच ओरडलो, "काढा! सगळं काढा! एक कण ठेवू नका! दोन वेळा घासा!"

"पक्का?"

"अहो पक्का म्हणजे? जुनं राहिलं तर माझं नाव खराब होईल!"

आत टकटक झालं. पुन्हा टकटक झालं. जयेशभाई बाहेर येऊन म्हणाले, "एकदम सफाचट." मला इतका आनंद झाला की मी समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. स्पेशल!

बुधवारी संध्याकाळी नवा ब्लॉग तयार, जयेशभाईंनी घरीच मोबाइलवर पाठवला. मी बघितला आणि गहिवरलो. गुलाबी पाटी, वरून फुलं पडतायत, बाजूला दोन समया, आणि मधोमध हात जोडलेली निर्मला! (तो फोटो पुतण्याच्या लग्नातला, ती आहेर देणाऱ्यांना नमस्कार करत होती.) खाली मोठ्या अक्षरात, 'आपल्या सर्वांची लाडकी, निर्मलाताई'. आणि अगदी तळाला गोल चौकटीत गॉगल घालून मी. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'शुभेच्छुक'.

जयेशभाईंनी जन्मभर बॅनर आणि लग्नपत्रिका केल्या. त्यांचा हात तिकडेच वळणार ना! मला तर फार आवडलं. मी ते लगेच सगळ्यांना पाठवलं. नातेवाईक, रंगारी ग्रुप, हार्डवेअरवाला, सगळ्यांना.

दहा मिनिटांत गंजाडहून मेव्हण्याचा फोन. "भावजी, ताईला तिकीट मिळालं कुठल्या पार्टीचं?"

"कसलं तिकीट?"

"मला सांगा हो आधी! मी इकडे चार माणसांना शब्द देऊन बसलोय!"

मी काही बोलायच्या आत निर्मलाचा फोन वाजला. कासाहून तिच्या सुपरवायझर बाई. एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की मला दारापाशी ऐकू येत होतं. "निर्मलाताई, राजीनामा न देता निवडणुकीला उभ्या राहिलात? आम्हाला सांगायचं तरी!"

"मी? मॅडम, मी कुठे उभी आहे? मी पीठ मळतेय!"

"मग हे हात जोडून काय चाललंय? खाली तुमच्या मिस्टरांचा गॉगल!"

गॉगल हा शब्द ऐकल्यावर निर्मलाने माझ्याकडे बघितलं. फोन ठेवला, पिठाचे हात पुसले आणि मोबाइलवर ब्लॉग उघडला. फुलं पडली. समया पेटल्या. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"अहो, माझे लेख कुठे आहेत?"

"असतील की खाली."

तिने खाली सरकवलं. खाली मी होतो. माझ्या खाली काहीच नव्हतं. 'लेख' असं लिहिलेलं एक बटण होतं, ते दाबलं तर आलं, 'लवकरच येत आहे'.

"सहा वर्षांचे लेख आहेत हो! शनिवारी मी वाचू काय?"

"तू वहीत पण लिहिले असशील ना?"

"सरळ मोबाइलवरच लिहायचे मी."

मग मी काय केलं ते सांगितलं. शिडी, चुना, दोन वेळा घासा, सगळं.  मी अजून समजावलं, "अगं, तुमच्या पाड्यावर भिंतीवर लग्नाचं चित्र, तो चौक काढायच्या आधी बाया भिंत सारवून घेतात की नाही? जुना चौक ठेवून त्याच्यावर नवीन काढतात का?"

"त्या भिंतीवर कोणी सहा वर्षं लेख लिहिलेले नसतात!"

"मग खरवडलेलं कुठेतरी पडलं असेलच ना? भिंतीचा चुना पण खाली पडतो, झाडूने गोळा करता येतो."

ती पिठाकडे वळली. चपात्या लाटायला बसली. चपात्या गोल होईनात. माझ्या बायकोची चपाती वाकडी झालेली मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली, तेव्हा मला कळलं की काम मोठं बिघडलंय.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं चारोटीपर्यंत जीपने, तिथून दुसऱ्या गाडीने तलासरीला. वाटेत ती खिडकीकडे तोंड करून. मी एकदा "चिकू घेऊ का?" विचारलं. तिने पिशवी उचलून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

दुकानात शिरताच ती म्हणाली, "जयेशभाई, माझे लेख परत द्या."

जयेशभाई उठून उभे राहिले. "बेन, डिलीट केला. भाऊ बोलले दोन वेळा घास, तो मी कचरापेटी पण खाली केली."

निर्मला मटकन स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले. मी आयुष्यात खूप मूर्खपणा केलाय, पण तिचे डोळे असे भरलेले बघून मला वाटलं, शिडी घ्यावी आणि चढून कुठेतरी निघून जावं.

"पण बेन," जयेशभाई डोकं खाजवत म्हणाले, "वाचायला काढला होता, तो चालेल?"

"काय काढलं होतं?"

त्यांनी टेबलाखालून एक गठ्ठा ओढला. अर्धा फूट जाड! "स्क्रीनवर वाचून माझा डोळा दुखे. मी बोललो, काम करवा पहेला माल वाची जाऊ. एक वाचला, बीजो वाचला, मग सोडवत नाय. बधाच प्रिंट काढला. गिऱ्हाईक नसलं की वाचतो. बहु मजा आवे, बेन!"

झेरॉक्सवाला माणूस! त्याला कागदावर आल्याशिवाय एखादी गोष्ट खरी वाटतच नाही. कागद पण वाया नको म्हणून फुकट गेलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर छापलेलं. निर्मलाने गठ्ठा छातीशी धरला. मग माझ्या डोळ्यांदेखत म्हणाली, "जयेशभाई, तुम्ही खरंच सगळे वाचले? कुठला आवडला?" आणि त्यांच्यासाठी चहा मागवला! मला वाटलं, चला, मिटलं. मी पण हात पुढे केला.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली.

मला अजून कळलेलं नाही. पुसलं त्याने आणि चहा पण त्यालाच?

शनिवारी वाचनालयात पडदा नको म्हणाली. कागदावरूनच वाचलं. ती मागची बाजू वाचतेय आणि समोर बसलेल्यांना दिसतेय पुढची बाजू, गणपती आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. पहिल्या रांगेतल्या एक आजी शेवटपर्यंत लग्नाची तारीख बघायला मान वाकडी करत होत्या.

पण वाचलं असं की काय सांगू! मी तिचं लिहिलेलं पहिल्यांदाच ऐकत होतो. (मोबाइलवरची अक्षरं बारीक, आणि माझं वाचन म्हणजे एका ओळीला एक विडी.) गोष्ट एका गृहस्थाची होती. तो कासाला घर रंगवायला जातो आणि भलत्याच घराला रंग मारतो. घरमालक बाजाराला गेलेला. त्याच्या बायकोला वाटतं, नवऱ्यानेच माणूस बोलावलाय, म्हणून ती चहा देते, भजी देते. हा भजी खात खात दोन भिंती पोपटी करतो! लोक हसून हसून लोळायला आले. मी पण पोट धरून हसलो. बाजूच्या बाईंना म्हटलं, "काय बावळट माणूस आहे हो!"

बाई म्हणाल्या, "ओळखता का त्याला?"

"छे! पण माझं पण एकदा असंच झालेलं, कासालाच. पोपटी रंग होता." आणि तरीसुद्धा, देवाशपथ सांगतो, तरीसुद्धा मला दोन मिनिटं वाटत होतं की जगात माझ्यासारखा अजून एक आहे. म्हटलं, चला, सोबत आहे!

मग तिने दुसरा लेख वाचला. त्यातही तोच गृहस्थ. तिसऱ्यातही. जयेशभाई पण ऐकायला आलेले, ते वळून वळून माझ्याकडे बघत होते आणि रुमालाने डोळे पुसत होते. सहा वर्षं! आणि अख्ख्या तालुक्याला माहीत, फक्त गृहस्थाला पत्ता नाही!

आता शिक्षा अशी आहे की सगळे लेख पुन्हा ब्लॉगवर मीच चढवायचे. मला टाइप येत नाही, म्हणून मोबाइलसमोर मोठ्याने वाचायचं, तो आपोआप लिहितो. एकेक अक्षर लावत रोज संध्याकाळी मी माझाच गाढवपणा मोठ्याने वाचतो आणि शेजारचे खिडकीत येऊन बसतात.

एकच लेख त्या गठ्ठ्यात सापडला नाही. निर्मलाला विचारलं, कुठला गं तो? ती म्हणाली, "तुम्ही गच्चीला वॉटरप्रूफिंग मारत मारत मागे गेलात आणि टाकीपाशी कोपऱ्यात अडकलात, तो."

"मग आता?"

"काही नाही. तुम्ही परत कराल, मी परत लिहीन."

मला राग आला. मी म्हटलं, एवढं सगळं ऐकल्यावर पुन्हा तीच चूक करायला मी काय मूर्ख आहे? तीस वर्षं धंद्यात आहे मी!

ही सगळी हकीकत मी मोबाइलला सांगतोय, तो लिहून घेतोय. निवांत वेळ आहे. मसोलीतच आहे, एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर, टाकीपाशी. जिना पलीकडच्या कोपऱ्यात आहे आणि वाळायला अजून दोन तास लागतील.