लेव्हल तीनचा जनरल मॅनेजर

ऑफिसातले किस्से शोधायला लागत नाहीत. माणसांना लेव्हल ठरवून द्यायचं काम तेवढं अंगावर घ्यायचं, किस्से आपणहून केबिनमध्ये येतात!

आमची कंपनी अधारतालच्या औद्योगिक वसाहतीतली, बोअरवेलचे पंप बनवणारी. मी तिथे एच.आर. पहिल्याच दिवशी कळलं की इथे सगळेच मॅनेजर आहेत. मालकांना, म्हणजे भैयाजींना विचारलं, हे कसं झालं?

"दिवाळीला मिठाईसोबत देऊन राहिलो होतो," भैयाजी म्हणाले. "आजवर कोणी परत नाही केलं."

*

शेवटी ठरलं, जुने हुद्दे रद्द आणि कामाप्रमाणे लेव्हल. प्रत्येकाला सांगितलं, आपलं काम थोडक्यात लिहून द्या. स्टोअर्सच्या दिनकरकाकांनी लिहिलं, 'सब कुछ.' शेजारच्या टेबलावरच्या तिवारीजींनी ते वाचलं आणि लिहिलं, 'बाकी सब.'

दोघांनाही एकच लेव्हल दिली.

*

वरच्या लेव्हलसाठी अट होती: स्वतंत्र निर्णय घेता आला पाहिजे. दिनकरकाकांना विचारलं, "काका, तुम्ही घेता का?"

"थांबा," ते उठत म्हणाले, "भैयाजींना विचारून येतो."

*

मग आला निखिल. डिस्पॅच बघायचा, वय एकोणतीस, हुद्दा जनरल मॅनेजर. नव्या यादीत तो लेव्हल तीनवर, म्हणजे खालून तिसऱ्या पायरीवर बसला होता.

"दीदी, यादी सोमवारी लावा ना. रविवारी मुलगी पाहायला जाऊन राहिलो. बायोडेटात जनरल मॅनेजर लिहिलं आहे."

भैयाजी ऐकेनात. यादी शनिवारीच लागली. निखिलला खोटं बोलता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगा सज्जन, मुलगी त्याला फोटोतच आवडलेली. आपल्या एका रकान्यापायी त्याचं लग्न मोडणार म्हणून मला फार वाईट वाटलं. रविवारभर जेवणात लक्ष नव्हतं.

सोमवारी मुलीच्या वडिलांचाच फोन आला. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले गृहस्थ.

"काहून हो मॅडम, निखिल तुमच्याकडे जनरल मॅनेजर नाही म्हणे?"

"होता. आता लेव्हल तीन आहे," मी जीव मुठीत धरून म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

"अच्छा! आमच्या फॅक्टरीत जनरल मॅनेजर म्हणजे रिटायरमेंटला टेकलेला साहेब. बायोडेटा पाहून घरचे म्हणून राहिले होते, पोरगा वय लपवते, केस काळे करते. आम्ही तर नाहीच म्हणणार होतो! चलो, मग साखरपुड्याचं पाहतो."