मैदानाच्या दुसऱ्या टोकाला

दादा गेला तेव्हा मी भाजीच्या ठेल्यावर कोबी पिशवीत घेत होते. शेजारचे मिश्राजी आमच्याकडे पेपर परत द्यायला गेले होते, ते अनवाणी धावत गल्लीच्या तोंडाशी आले आणि म्हणाले, "दीदी, सब्ज़ी छोड़िए, घर चलिए." मिश्राजी म्हणजे कचरा टाकायलासुद्धा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडणारा माणूस. त्यांचे अनवाणी पाय बघितले आणि मी पुढं काही विचारलंच नाही. घरी आले तर दादा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत, मान जराशी कलती, मांडीवर कॅमेरा. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, आयुष्यभराच्या सवयीनं, त्यामुळं तो पडलासुद्धा नव्हता. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले. चांगलं मरण आलं, असं नंतर येणारा प्रत्येक जण म्हणाला. असेल बाबा. मला मात्र हातातली कोबीची पिशवी कुठं ठेवावी तेच सुचत नव्हतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माणूस गेला की कागदपत्रं, दाखले, फोन, भेटायला येणारे, त्यांचा चहा... दुःख करायलासुद्धा बाईमाणसाला सवड काढावी लागते. मी दमले आहे, हे सरळच सांगते. शरददादाविषयी लिहा असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा आधी नकोच म्हणणार होते. पण त्याचं एक काम माझ्या गळ्यात पडलं होतं, ते उरकलं. ते उरकताना जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. वडील फौजेत, शेवटची बदली इथल्या छावणीत झाली आणि लखनऊ आम्हाला चिकटलं ते कायमचं. दादाला हॉकीनं वेड लावलं ते छावणीतल्या मैदानांवरच. खेळायला मात्र तो अगदीच ठोंब्या. मग कुणाचा तरी जुना कॅमेरा घेऊन गोलच्या बाजूला जाऊन बसायला लागला आणि तिथून उठलाच नाही. हिंदी पेपरांसाठी त्यानं जन्मभर खेळाचे फोटो काढले. हॉकी, कबड्डी, फौजेतल्या घोड्यांच्या उड्या, काय म्हणाल ते. हात त्याचे फावड्याएवढे. आई म्हणायची, याला भाकरी थापायला बसवला तर एकाच भाकरीत परात भरेल. त्या हातात तो वीटभर कॅमेरा आणि त्याला पुढं लावलेली हातभर लांबीची लेन्स शोभून दिसायची.

त्याची काम करायची एक रीत होती. बाकीचे फोटोग्राफर खटके दाबून धरायचे, कॅमेरा धडधडत राहायचा, त्यातला एखादा फोटो लागायचा. दादा त्या क्षणाला एकच काढायचा. बॉलकडं बघायचंच नाही, खेळाडूच्या खांद्याकडं बघायचं, असं त्याचं म्हणणं. खांदा आधी बोलतो, स्टिक मागून. "धडाधड गोळ्या झाडणं म्हणजे नेम नव्हे, सुमे," हे तर मी इतक्या वेळा ऐकलंय की स्वयंपाकघरातून मीच वाक्य पुरं करायची. घरी आला की जेवायच्या आधी बसून मॅचचा एक फोटो निवडायचा, बाकीचे पुसून टाकायचा. एका मॅचचा एकच फोटो. त्याचा तोरा बघून घ्यावा!

आणि मैदानावरची एक रीत होती, ती सगळ्यांचीच. गोल झाला की बाजूला बसलेले फोटोग्राफर एकमेकांकडं हनुवटी उडवून विचारतात, "आया?" म्हणजे फोटो मिळाला का. ज्याला मिळाला तो म्हणतो "आया", ज्याचा हुकला तो म्हणतो "निकल गया". यात खोटं बोलायचं नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी दिसणारच असतं म्हणून नव्हे, तसं कुणी करतच नाही. दादा तर नाहीच नाही.

त्याची मुलगी रेवा या "आया?"वरच वाढली. पोळी फुगली की आईला विचारायची, "आया?" वहिनी लवकर गेली, मी शाळेतली नोकरी सांभाळून इथंच राहिले आणि पोर माझ्या हाताखाली मोठी झाली. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीत. हॉकी खेळायला लागली आणि झाली गोलकीपर. बापाचे हात घेतले होते ना. नोकरीसुद्धा तिला खेळावरच लागली, सरकारी खात्याच्या टीमकडून खेळायला लागली. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा... ज्या माणसानं लखनऊमधल्या निम्म्या खेळाडूंचे फोटो काढले, त्यानं आपल्या पोरीचा मैदानावरचा एकही फोटो काढला नव्हता. कारण साधं होतं. पेपरला गोल लागतो. वाचवलेला गोल कोण छापतो? रेवाची टीम जोरदार, त्यामुळं गोल व्हायचा तो समोरच्या टोकाला, आणि दादा त्या टोकाला बसायचा. रेवा तिकडं लांब, हेल्मेट आणि पॅडमध्ये गुंडाळलेली, एकटी उभी. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, आप हमेशा उधर ही बैठते हो." दादानं आमटी वाढून घेतली. पण मी दोघांचीही तोंडं बघत होते.

मग कंपवात आला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग अख्खा हात. कापण्यापेक्षा वाईट म्हणजे तो अडकायचा. चहाचा कप धरला की सुटायचा नाही, मी बोटं सोडवायची. मैदानावर तो खांदा अजून वाचायचा, पण बोट उशिरा दबायचं. मॅचमागून मॅच "निकल गया" म्हणत घरी यायला लागला. शेवटी त्यानं जायचंच बंद केलं आणि मोठा कॅमेरा कपाटात ठेवून दिला. त्या दिवसांत घरात बोलायची चोरी होती. मीही काही शांत स्वभावाची नाही, भांड्यांवर राग काढायची.

रेवानं मग नोकरीच्या गावाहून नवा कॅमेरा पाठवला, मिररलेस. जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो, प्रत्येक फोटोला तो वर उडतो आणि खटका वाजतो. नव्यात आरसाच नाही, त्यामुळं वजन कमी, वेग अफाट, डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी फोटो, आणि आवाज म्हणाल तर शून्य. दादानं तो हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा काय कॅमेरा आहे? साबणाची वडी आहे." त्याचं चुकत नव्हतं. पकड इतकी आखूड की करंगळी खाली हवेत लोंबकळायची, पुढं लेन्सचा भार, आणि सगळा ताण त्या आजारी अंगठ्यावर. हे कॅमेरे करणारे लोक कुणाच्या हाताचं माप घेतात कोण जाणे.

फोनवर रेवानं त्याला त्यातली एक सोय समजावली. बटण अर्धं दाबून धरायचं, तेवढ्यावर कॅमेरा आतल्या आत फोटो धरत राहतो. पुरं दाबलंत की दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदसुद्धा तो ठेवतो. "मतलब आप लेट हो गए, तो भी चलेगा, बाबा." दादानं कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी पोचायच्या आधी हा पोचणार. मग माझं काय काम?" मी म्हटलं, "तुझं काम बटण दाबायचं. आता नाटकं पुरे."

पण दुसऱ्या दिवशी मी बघते तर पठ्ठ्या व्हरांड्यात बसलेला. नळाची गळती बुजवायला मिळते ती मळून लावायची पुट्टी त्यानं कॅमेऱ्याच्या पकडीला थापली होती, खालपर्यंत वाढवून, आणि ती ओली असतानाच मुठीत आवळून बसला होता. हात अडकतो ना, मग अडकू दे, म्हणाला. चांगली वाळेपर्यंत तसाच बसला, चहासुद्धा मी पाजला. पुट्टीत त्याच्या बोटांचे खड्डे उमटले. त्यावर त्यानं रेवाच्या जुन्या हॉकी स्टिकची ग्रिप उलगडून गुंडाळली. दिसायला अगदी ध्यान! पण करंगळीला जागा मिळाली, आणि त्या खड्ड्यांत बोटं गेली की हात कमी कापायचा. त्यानंतर रोज दिवेलागणीला तो बॅटरी चार्जिंगला लावायचा, मॅच असो की नसो. शेवटी गल्लीतल्या कबुतरांवर सराव सुरू झाला.

कारण रेवानं कळवलं होतं, या हंगामानंतर ती खेळणं सोडणार. तिची शेवटची मॅच इथं, लखनऊलाच. दादा मला एवढंच म्हणाला, "सुमे, या वेळी तिच्या टोकाला बसू."

बसलो. मी शाल, थर्मास, घडीचं स्टूल घेऊन. थंडीचे दिवस, दुपारपर्यंत धुकं सरलं नव्हतं. ओळखीचे फोटोग्राफर हाका मारत होते, "दादा, गोल उधर होगा!" दादा हलला नाही. आणि शेवटी शेवटी रेवाच्या टीमविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक मिळाला. समोर मारणारी एकटी, गोलमध्ये रेवा एकटी. मैदान चिडीचूप. दादाचा डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. मी मनात म्हटलं, देवा, याला एवढा एक मिळू दे, बाकी काही मागत नाही.

रेवानं अंग झोकून दिलं आणि बॉल अडवला. आरडाओरडा झाला, पोरी धावत आल्या. त्या गर्दीतून तिनं हेल्मेट वर केलं, मागं वळून आम्हाला शोधलं आणि हनुवटी उडवली... "आया?"

दादा म्हणाला, "आया."

घरी येऊन त्यानं कॅमेरा उघडला आणि मला हाक मारली. अडवलेला गोल त्यात नव्हता. नेम चुकला नव्हता, कॅमेराही चुकला नव्हता. स्ट्रोक मारणारीचा खांदा हलला तेव्हा दादानं बटण दाबलंच नाही. "मी डोळे मिटले गं," तो म्हणाला. "तिला लागेल असं वाटलं." जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींवर बॉल येताना ज्याची पापणी हलली नाही, तो आपल्या पोरीच्या वेळी डोळे मिटून बसला! लोकांचा आवाज ऐकल्यावर त्यानं बटण दाबलं. तोवर तो अर्धा सेकंद कधीच गेला होता. पुढं बोट अडकलं ते सुटलंच नाही, आणि कॅमेऱ्याला आवाज नाही, त्यामुळं त्याला ते कळलंही नाही. कार्डावर नुसती फोटोंची रांग.

"सांगून टाक तिला," मी म्हटलं. रेवा मैदानावरूनच टीमबरोबर ड्युटीवर परत गेली होती, फोनवर विचारायची, "बाबा, वो सेव वाला भेजो ना." दादा म्हणायचा, "बनवतोय." हे कितीदा झालं. मी चिडायची, तो म्हणायचा, सांगतो, समोर आली की सांगतो. पुसून टाकत नव्हता, निवडतही नव्हता. रोज व्हरांड्यात बसून तीच रांग पुढं-मागं करायचा. शेवटच्या दिवशीही तेच करत होता. आणि गेला. मला राग आला होता त्याचा, खोटं कशाला बोलू? स्वतःचं एक खोटं माझ्या पदरात टाकून गेला.

रेवा आली, दिवस झाले, पाहुणे पांगले. मधल्या काळात मी आलमबागेतल्या एका दुकानदाराला कॅमेरा दाखवून आले होते. नुसता बघूनच जीव कासावीस व्हायचा, घरात नको वाटत होता. तो म्हणाला, "आंटी, किसी ने इसकी ग्रिप ख़राब कर दी है, कोई नहीं लेगा." कॅमेरा परत आणून टेबलावर ठेवला. आणि दिवेलागण झाली की माझाच हात चार्जरकडं जायचा.

परत जायच्या आदल्या दुपारी रेवानं विचारलंच. "आत्या, वो फोटो?" मी पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती, एकही आठवलं नाही. म्हटलं, "तो फोटो नाहीये, बाळा."

"निकल गया?"

"हो गं. पण तो तुला आया म्हणाला. सांगणार होता, राहिलं." आणि कॅमेरा तिच्यापुढं सरकवला.

ती चाक फिरवून बघायला लागली. आधी नुसती पाठ आणि पॅड. मग मान वळायला लागते. हेल्मेट वर जातं, कपाळाला केस चिकटलेले. डोळे शोधतात, आम्ही सापडतो. हनुवटी उडते. मग थोडे फोटो नुसतेच वाट बघणारे... आणि मग दादाचं उत्तर पोचतं आणि ती हसते. कितीतरी फोटोंत नुसतं ते हसूच आहे, फुलत गेलेलं. लहानपणी पोळी फुगल्यावर हसायची तसं. मी ती रांग आधी पाहिली होती, पण अडवलेला गोल शोधत पाहिली होती. माझ्या काय कपाळ लक्षात येणार!

रेवा शेवटच्या फोटोवर थांबली. मग डोळे पुसत म्हणाली, "आया तो है, आत्या. बाबा झूठ थोड़ी बोले."

तेव्हा माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. मी तो कॅमेरा कधी धरला की माझी बोटं खड्ड्यांत कुठंच पुरायची नाहीत. तिची चारही बोटं आपापल्या खड्ड्यात जाऊन बसली होती, करंगळीसकट. ती तो हात सोडवून घेत नव्हती, आणि मीही सोडवायला गेले नाही.