सालईच्या पाठीवरचा बाण

जागेश्वर निपाने मुळात कोष्टी. घरचा माग बंद पडला तसा तो राष्ट्रीय पदभ्रमण मंडळाच्या नागपूर शाखेत शिपाई म्हणून चिकटला, आणि बासष्ट सालापासून पारशिवनीपलीकडच्या डोंगरांत पिवळे बाण रंगवत हिंडला. मंडळाचा दंडकच होता, झाडाच्या पुढच्या बाजूला जाणाऱ्यासाठी बाण काढायचा आणि पाठीवर परतणाऱ्यासाठी. कामाला माणूस चोख हो! पण अडुसष्टच्या जानेवारीत, दोन वाटा फुटतात तिथल्या सालईच्या झाडाला त्याने पुढचा बाण काढला, अन् मागचा पुढच्या रविवारी बघू म्हणून घरी आला. एका बाणाचा कंटाळा, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात मोरेश्वर नावाचा मंडळाचा तरणा सभासद एकटाच त्या वाटेने गेला, तो परतलाच नाही. जागेश्वरच्या कानावर हे आलं. शोधायला माणसं निघण्याआधीच तो पहिल्या एसटीने गेला आणि सालईच्या पाठीवर बाण काढून मोकळा झाला. दुसऱ्या वाटेकडे तोंड करून एक हाक मारावी, एवढंही त्याला सुचलं नाही. परतताना चुकलेला मोरेश्वर त्याच वाटेवरच्या नाल्यात मेलेला सापडला. मंडळाने कागदावर लिहिलं, अन् त्याच्या घरीही तेच कळवलं, की खुणा शाबूत होत्या, चूक सभासदाची.

तेव्हापासून सालईपाशी आलं की जागेश्वरच्या मागे पाचोळा वाजायचा. तो थांबला की आवाजही थांबायचा. सोळा वर्षं त्याने मान वळवून पाहिलं नाही. नुसतं भूत असतं तर भगताकडे तरी जाता आलं असतं.

चौऱ्याऐंशीत मोरेश्वरची आई पंचफुलाबाई मंडळाच्या दारात येऊन उभी राहिली. "मराच्या आंदी ते जागा दाखव गा, जागेश्वर." नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

सालईपाशी म्हातारी टेकली. पाठीवरचा बाण तिने हाताने चाचपला. पाचोळा वाजलाच. जागेश्वरला राहवलं नाही.

"मावशी, हा बाण तवा नव्हता. मोरेश्वर हरवल्यावर म्या काढला. चूक माही व्हय."

तो शिव्यांची वाट पाहत राहिला. पंचफुलाबाईने झाडावरचा हात काढला नाही.

"त्याचा फोटो म्या भितीवर लावू देला नाही," ती म्हणाली. "एवढा मोठा बाण काहून दिसला नाही तुले, म्हणून सोळा वर्सं त्यालेच बोलून राहिली."