नडगीतली बेटं आणि डॉक्टर क्लाइव्ह

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या एका इस्पितळात डॉक्टर क्लाइव्ह पेनरोज हाडांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोगाचं नाव सांगत. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि वर टाय अशा थाटात ते बसले की साक्षात देवही निदान विचारायला रांगेत उभा राहील, अशी त्यांची समजूत होती. त्यांचं एक व्रत होतं. एक्स-रे बघायचा नाही. "ती परीक्षेतली कॉपी!" हाडाच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची काच एक्स-रेशिवाय वाचू नये, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं, पण शेंबड्या पोराला टाय कुठे असतो?

नेटबॉल खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या ब्रॉन्विनच्या नडगीचा तुकडा आला. क्लाइव्हना दिसलं ते असं: गुलाबी तंतूंच्या समुद्रात जांभळ्या पेशींची बेटं, कडेच्या पेशी कुंपणासारख्या ताठ. केराटिन हे त्वचेतलं प्रथिन शोधणारा रंग दिला, बेटं तपकिरी झाली. असल्या पेशी त्वचेत, स्तनात शोभतात. हाडात त्यांचं काय काम? "दुसरीकडचा कर्करोग इथे पसरलाय," असा निकाल देऊन ते लॅमिंग्टन केक खायला गेले.

मग मूळ शोधायची धावपळ. फुप्फुसं, पोट, स्तन, सगळं धुंडाळलं. काही नाही. "नीट शोधा!" क्लाइव्ह गरजले. सोमवारपासून मुलीची केमो ठरली.

शुक्रवारी एक्स-रे विभागाची नेरिडा जिना चढून आली आणि तिनं त्यांच्या पडद्यावर चित्र लावलं.

"मी बघत नसतो."

"पाप मला लागू दे. डोळे उघड, क्लाइव्ह!"

नडगीच्या पुढच्या अंगाला साबणाच्या फेसासारखी भोकांची माळ होती. क्लाइव्ह पुन्हा काचेकडे वळले. पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी बाजारात भांडायला आल्यासारख्या दिसतात. या तर चर्चमध्ये बसल्यासारख्या शांत.

"अॅडमँटिनोमा," ते पुटपुटले. नडगीतच जन्मणारा, फार विरळा, सावकाश चालणारा कर्करोग. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"केमोचा इथे काडीचा उपयोग नाही," नेरिडा म्हणाली. "तेवढं हाड काढलं की बहुधा पायही राहील, पोरगीही. लाव डगला फोन."

सर्जन डगनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता ब्रॉन्विनला तूच सांग. कालच तिनं खेळायचे बूट बहिणीला देऊन टाकलेत."

"म्हणजे माझी चूक कबूल करू?"

"ते तुझं तू बघ. आधी बूट परत घ्यायला सांग."

क्लाइव्हनी टाय सोडला आणि वॉर्डाकडे निघाले.